प्रेशरची गोळी

बायकोने बोलणं सोडलं त्याला पावसाळा उलटून गेला होता. मग जेवणही सोडलं. पोरगा मुंबईला, त्याला मी कळवलं नाही, गावातही तोंड उघडलं नाही. माझी बायको, मी बघीन. उमरठहून एसटीत घालून तिला महाडला नेलं. डॉक्टर म्हणाले, भूल देऊन डोक्याला विजेचे शॉक द्यावे लागतील.

"पण यांचं प्रेशर जास्त आहे, बाबा. शॉकच्या वेळी ते आणखी उसळतं. तेवढी काही मिनिटं आम्ही इंजेक्शन देऊन सांभाळू. आधीच चढलेलं असलं तर मात्र शॉक देणार नाही."

भूल द्यायची म्हणून शॉकच्या सकाळी उपाशी ठेवायचं, फक्त प्रेशरची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची.

"आज उपाशी राहायचं हाय गो," मी सांगितलं. तिने मान हलवली, आणि गोळी पुढे केली तर दात आवळून बसली. जन्मभर कडक उपास केलेली बाई, हाही उपासच समजली. महाडला पोचलो तर प्रेशर चढलेलं.

सिस्टर म्हणाली, "बायकोला एक गोळी देता येत नाही?"

"तुम्ही देऊन दाखवा."

तिलाही जमलं नाही. तसेच परत आलो. एसटीत ती शेजारीच बसली होती, पण मी एकटाच घरी चाललो होतो.

पुढच्या वेळी देव्हाऱ्यातली पळी घेतली. "तीर्थ हाय. यानं उपास मोडत नाय." तिने उजवा तळवा पुढे केला, खाली डावा धरला. गोळी ठेवून वर पळीभर पाणी ओतलं. तिने गिळलं. पाणी देवापुढचंच होतं, तेव्हा मी खोटं बोललो नाही.

महाडला तिला आत नेल्यावर बंद दारासमोर बसून राहिलो. डॉक्टर बाहेर आले. "प्रेशर वर गेलं होतं. आणलं खाली."

असे बरेच शॉक झाले. एका दुपारी मी भाकरी थापत होतो, तर ती चुलीपाशी आली.

"सरा तिकडं. ही काय भाकरी हाय?"

मी सरलो. तिने ताट वाढल्यावर मी महाडचं काढलं, त्या बंद दाराचं सांगायला लागलो.

"मी कवा गेले महाडला?"

पावसाळ्यापासूनचं तिला काहीच आठवत नव्हतं. शॉकने असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या दिवसांचं बोलायचं तर एका तिच्याशीच बोलता आलं असतं.

"काय नाय," म्हटलं, आणि जेवलो.