सतराचा भाग

मास्तरांच्या दारावर नाव नव्हतं, आकडा होता. ३३३३३३३३१. पितळी पाटी, चकचकीत. टपालवाला तिला फोन नंबर समजायचा.

"ही मूळ संख्या," मास्तर आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी सांगत. "एक आणि ती स्वतः. तिसऱ्या कुणाचा निःशेष भाग जाणार नाही. अगदी माझ्यासारखी!" शेजारणीनं 'मूळ' एवढंच ऐकलं आणि मूळव्याधीचा लेप आणून दिला. मास्तरांनी तो ठेवूनही घेतला.

तरुणपणी त्यांनी ३१ तपासली, ३३१ तपासली, ३३३१ तपासली. एकामागून एक तीन वाढवत गेले आणि सात तिनांपर्यंत दरवेळी मूळ संख्याच निघाली. आठव्या तिनाला कंटाळा आला. शितावरून भाताची परीक्षा केली आणि निवृत्त होताच पाटी ठोकून मोकळे! वर्गात एक पायरी गाळली तर पोरांना तासभर उभं करणारा हा माणूस, बरं का.

बायको म्हणजे त्या संख्येतला 'एक'. एकानं भागलं काय नि न भागलं काय, मास्तर होते तेवढेच उरायचे. बाईंना हे केव्हाच कळलं होतं. बोलून उपयोग नव्हता.

आणि एका दुपारी लेक आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हाताला चिमुरडी, गालावर नवऱ्याची बोटं.

मास्तर दारात आडवे. "नवरा-बायकोत चालायचंच. चहा घे आणि परत जा. हे घर आम्हा दोघांचं. इथे तिसऱ्याचा भाग जात नाही. पाटी वाच!"

आज पोर परत गेली तर तिचं काय होईल, हे बाईंना त्या गालावरच दिसत होतं. पण इतक्या वर्षांची गप्प बसायची सवय, तोंड उघडेना.

लेकीनं मात्र पाटी वाचली. लहानपणी सतराच्या पाढ्यात अडखळली म्हणून मास्तरांनी तिला भर उन्हात गच्चीवर उभं केलं होतं. तेव्हापासून दिसेल त्या आकड्याला सतरानं भागायची खोडच तिला जडली होती. तिनं बॅगेतून पेन काढलं आणि एका पाकिटाच्या पाठीवर भागाकार मांडला.

"एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस," ती म्हणाली. "बाकी शून्य."

"हॅ! वजाबाकी चुकली असेल. आण इकडे!"

मास्तर पाकीट घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले. एकदा भागलं. कपाळ पुसून पुन्हा पहिल्यापासून भागलं. दार मोकळंच होतं. बाईंनी बॅग उचलली, नातीला कडेवर घेतलं. "आत ये गं," त्या लेकीला म्हणाल्या. आवाज ठणठणीत निघाला, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"थांबा!" मास्तर मान वर न करता ओरडले. "पडताळा व्हायचाय अजून!"

"घ्या की सावकाश," बाई म्हणाल्या. "आम्ही तिघी जेवून घेतो."

आणि त्यांनी आतून कडी घातली.