साडूंचा शाळाप्रवेश

इंदुरात आजवर जेवढी मुलं चांगली निघाली ती माझ्या साडूंचा सल्ला घेऊन शाळेत गेली, आणि जी बिघडली ती न घेता गेली, असं माझ्या साडूंचं प्रामाणिक मत आहे. मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालावं की सरकारी शाळेत, या प्रश्नावर या शहरात त्यांच्याइतका अधिकारी माणूस नाही. कारण त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. ही उणीव आहे असं कुणी सुचवलंच तर ते शांतपणे म्हणतात, "ज्याचं पोरगं असतं नं भिया, तो फक्त आपलंच पोरगं बघतो. मी पूरा शहर बघतो."

साडूंचं घर लालबागेच्या मागच्या बाजूला आहे. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. घोड्यावर होते की घोड्याजवळ, याबद्दल आमच्या सासरी दोन मतं आहेत. साडू स्वतः वीज खात्यात कारकून आहेत, पण ती नोकरी ते फावल्या वेळात करतात. त्यांचं खरं कामकाज सकाळी कचरागाडीबरोबर सुरू होतं. गाडीचं गाणं वाजलं की गल्लीतल्या सगळ्या आया ओला-सुका कचरा घेऊन खाली उतरतात, आणि साडू आपली एकुलती एक बादली घेऊन त्यांच्यात उभे राहतात. बादली रिकामी व्हायला क्षणभर पुरतो, पण साडू घरी परततात ते गाडी पुढच्या चौकात गेल्यावर. तेवढ्यात एखाद्या बालकाचं आयुष्य मार्गी लागलेलं असतं.

त्यांची सल्ला देण्याची पद्धत सोपी आहे. समोरचा कॉन्व्हेंट म्हणाला की साडू सरकारी म्हणतात, समोरचा सरकारी म्हणाला की साडू कॉन्व्हेंट म्हणतात. एका शेववाल्याने मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं ठरवलं, तर साडूंनी त्याला तासभर उभं करून समजावलं की मुलगा इंग्रजी शिकला की गल्ल्यावर बसायला लाजेल. शेववाला घाबरला आणि चालता झाला. दुसऱ्या दिवशी तो सरकारी शाळेचा विचार करून आला, तेव्हा साडूंनी त्याला विचारलं की पोराला जन्मभर शेवच तळायला लावणार का? शेवटी त्या गृहस्थाने मुलाला देपालपूरला मामाकडे पाठवून दिलं. हा आपल्या सल्ल्याचा विजय आहे असं साडू मानतात.

शाळा पारखण्याची त्यांची रीतही स्वतःची आहे. ते शाळेच्या आत कधी जात नाहीत. आत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, सगळ्याच शाळा सारख्या असतात. ते शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभे राहतात. कॉन्व्हेंटची मुलं रांगेने बाहेर येतात, फाटकापर्यंत इंग्रजीत बोलतात आणि फाटक ओलांडताच एकमेकांना 'अबे ओ' म्हणून हाका मारतात, हे संशोधन त्यांचंच. शिवाय ते फाटकाबाहेरचे ठेलेही बघतात. कॉन्व्हेंटबाहेर उकडलेले मक्याचे दाणे मिळतात, सरकारी शाळेबाहेर बोरं आणि कबीट, म्हणजे आपलं कवठ, मिळतं. ज्या शाळेबाहेर कबीट मिळतं तिथली मुलं आजारी पडत नाहीत, असं ते सांगतात. हा निष्कर्ष त्यांनी कुठून काढला हे विचारायची सोय नाही.

या फाटकसंशोधनात एकदा गंमत झाली. कॉन्व्हेंटच्या चौकीदाराला हा रोज उभा राहणारा, कुणालाच घरी न नेणारा माणूस खटकला आणि त्याने हटकलं, आपका बच्चा कौनसी क्लास में है? साडूंनी जराही न अडखळता सांगितलं, "अभी आएगी." आमची मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती. हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगतात आणि आम्ही सगळे हसतो. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी ताई, तेवढी चहाचे कप उचलून आत जाते.

आमच्या मुलीच्या पहिलीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा मात्र साडूंनी आयुष्यात प्रथमच एकच बाजू धरली. सरकारी शाळा! तीही कुठली, तर त्यांच्या घरामागच्या गल्लीतली, सकाळपाळीची, त्यांची स्वतःची. मी कॉलेजात शिकवतो, बायको बँकेत आहे, आम्ही राहतो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तेव्हा साडूंची योजना अशी की मी कॉलेजला जाताना मुलीला शाळेत सोडायचं, शाळा सुटली की ती त्यांच्याकडे जेवणार, झोपणार, आणि संध्याकाळी आम्ही तिला न्यायचं. ताई आधीच पलीकडच्या खोलीतलं सामान हलवून बसली होती. साडू मात्र या सोयीबद्दल चकार शब्द काढत नसत. ते फक्त तत्त्वाचं बोलत.

तत्त्वं पुष्कळ होती. पहिलं म्हणजे, "मी पण तिथेच शिकलो नं, माझं काय बिघडलं?" यावर सासरचे सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. दुसरं, कॉन्व्हेंटमध्ये सकाळी प्रार्थना होते. बायको म्हणाली, ती सरकारी शाळेतही होते. "होते, पण ऐकतं कोण?" साडू म्हणाले. "तिकडे पोरं ऐकतात!" तिसरं, जूते चमकले म्हणून अक्कल चमकत नाही. चौथं ऐकायला आम्ही थांबलो नाही. माझ्या बायकोचं म्हणणं सरळ होतं. त्या सरकारी शाळेत आता पाच वर्गांना दोनच बाई उरल्या होत्या, आणि त्यातल्या एकीला निम्मं वर्ष दुसऱ्याच सरकारी कामांना जुंपलेलं असायचं. घराजवळच्या कॉन्व्हेंटमध्ये पहिलीत जागा होत्या. आम्ही तिथे अर्ज केला.

साडू रुसले. रविवारी पोहे-जलेबीला आले खरे, पण पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची खिशातली डबी बाहेर काढली नाही. कोरे पोहे खाऊन निघून गेले. पुढच्या रविवारी मात्र कंबर कसूनच हजर झाले. जायचंच असेल कॉन्व्हेंटात, तर खानदानाची नाचक्की होता कामा नये, म्हणून त्यांनी आमची तयारी हातात घेतली. घरात मराठीवर बंदी आली. मुलीने पाणी मागायचं ते इंग्रजीत, मी वरण मागायचं तेही इंग्रजीत, त्यामुळे मी बरेच दिवस वरणाशिवाय जेवलो. मुलगी त्यांना मावसाजी म्हणते; त्याऐवजी 'अंकल' म्हण, असं त्यांनी तिला बजावलं. तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही बाहेरगावी चालले का?" मावसाजी म्हणायची एवढी एकच सवलत मग मिळाली.

शाळेत मुलीबरोबर बोलावलं होतं फक्त आई-बापांना. याला मुलाखत म्हणायचं नसतं, नुसती बातचीत असते. साडू लग्नातला कोट घालून आमच्या आधी पोचले होते. चपराशाने कोण म्हणून विचारलं तर छाती काढून म्हणाले, गार्जियन. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून आम्ही आत गेलो. मुख्याध्यापिका सिस्टर झाबुआकडच्या निघाल्या. त्यांनी इंग्रजीत काहीच विचारलं नाही. मुलीला जवळ घेऊन हिंदीतच गप्पा सुरू केल्या. शाळा सुटल्यावर कुठे जाशील, या प्रश्नाला मुलगी ताबडतोब म्हणाली, "मावसाजी के घर." कुठे आहे ते? लालबागच्या मागे. मग तर फारच लांब, सिस्टर म्हणाल्या, तुला नेणार कोण? मुलीने दाराकडे बोट दाखवलं. "वो बाहर बैठे हैं ना."

साडूंना आत बोलावलं. "आओ, बिराजो," सिस्टर माळवी बोलीत म्हणाल्या, आणि साडूंनी पाठ केलेलं सगळं इंग्रजी खुर्चीत बसता बसता सांडलं. सिस्टरनी त्यांना साधेपणाने विचारलं की बच्ची दुपारी तुमच्याकडे राहणार असेल तर तुमच्या जवळची शाळा का नाही? तिकडे सरकारी शाळा आहे ना? आम्ही दोघं गार झालो. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या होला हो म्हटलं नव्हतं, त्याला आज नुसतं हो म्हणायचं होतं. ताईची खोली रिकामी होती, दुपारचं ताट ठरलेलं होतं, आणि निकाल त्यांच्या हातात होता. साडूंनी मुलीकडे पाहिलं. कोटाचं बटण लावलं, काढलं.

"सिस्टरजी," ते म्हणाले, "वो स्कूल मेरे लिए अच्छा है. बच्ची के लिए ये अच्छा है."

प्रवेश मिळाला. बाहेर आल्यावर साडूंनी मला सुनावलं की मी ऐनवेळी तोंड शिवून बसलो आणि सगळा किल्ला त्यांना एकट्याला लढवावा लागला. मी कबूल केलं. खरं तर मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण साडूच्या पाया पडण्याची आमच्यात रीत नाही.

मुलगी आता कॉन्व्हेंटात जाते. शाळा सुटली की कॉलनीतल्याच पाळणाघरात डबा खाते, आणि सुटीच्या दिवशी ताईकडे जाते. साडूंचा कचरागाडीचा दरबार अजून भरतो, फक्त त्यांचा विरोध पूर्वीसारखा रंगत नाही, अशी गल्लीची तक्रार आहे. परवा मी तिथे होतो. शेजारची एक बाई बादली घेऊन आली आणि कॉन्व्हेंट की सरकारी म्हणून विचारू लागली. साडूंनी ना फी विचारली, ना मीडियम. त्यांनी विचारलं, "दुपारी पोर जेवायला कुणाकडे येणार?" ती म्हणाली, कुणाकडे नाही, टिफिन देईन ना.

"अच्छा," साडू म्हणाले. गाडी पुढच्या चौकात निघून गेली होती, आणि त्यांच्या हातातली बादली अजून भरलेलीच होती.