नाव नसलेली चिठ्ठी
मोहफुलांचा वास आला की तिरोड्याजवळची ती शाळा आठवते. किशोरवयीनांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेचा मी नवाकोरा जिल्हाध्यक्ष, सत्काराची शाल पांघरून घामाघूम. मुलींनी न लाजता प्रश्न विचारावेत म्हणून चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, हा नियम मीच ऐटीत केला होता. शाळा सुटता सुटता शेवटची चिठ्ठी उघडली: ‘मले जगावंसं नाही वाटत.’ “कोणाची आहे ही?” मी मुख्याध्यापिकांना विचारलं. “आता कायले विचारून राहिले सर? नाव नको, तुम्हीच म्हटलं ना.” मी फाटकाकडे धावलो, शाल पायात अडकून पडलो. मुली खो खो हसल्या. उठून एकेकीचा चेहरा पाहिला, सगळ्याच हसत होत्या. म्हणजे तीही हसत होती. आज ती विशीत असेल. असावी.