बाबांच्या वाट्याचं वचन

माझा स्वभाव संशयी. हे पश्चात्ताप म्हणून सांगत नाही, ओळख म्हणून सांगते. रविवारच्या शाळेत बाकीच्या मुलींना दाविद आवडायचा, एस्तेर आवडायची. मला थोमा आवडायचा. येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असं म्हणणारा शिष्यांमध्ये तो एकटाच, आणि त्या बिचाऱ्याला लोक अजून नावं ठेवतात. दूधवाला मापात बोट बुडवतो का, पाळकसाहेबांची प्रार्थना आज एवढी लांबली ती देवाला ऐकवायला की पुढच्या बाकाला, असं सगळं माझ्या नजरेखालून जायचं. आई म्हणायची, "हिचं सासरी कसं होईन वं? ही तं नवऱ्याच्या शिंकेचीही चौकशी करंन."

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि नागपुरातच मास्तरकीचा कोर्स करत होते. बाबा कापडाच्या गिरणीत जॉबर होते, म्हणजे त्यांच्या हाताखाली काही माग आणि ते चालवणारी माणसं. आणीबाणी लागून सहा-सात महिने झाले होते. युनियनचे दोन पुढारी आत होते, आणि बाहेर असलेले हवापाण्यावर बोलत होते. आमच्या चर्चमध्येसुद्धा राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करताना लोक शब्द निवडून वापरायचे. कोण कोणाच्या कानाला लागलेला आहे हे कळत नव्हतं, त्यामुळे माझ्यासारखीला तर ते दिवस मानवलेच होते.

आमच्या मंडळीत नव्या वर्षाच्या सकाळी वचनं काढायची रीत होती. शास्त्रातलं एकेक वचन जाड कागदाच्या तुकड्यावर लिहून, घडी घालून पितळी ताटात ठेवायचं. प्रत्येकानं एक उचलायचं, उभं राहून मोठ्यानं वाचायचं, आणि मग ते वर्षभर आपल्या बायबलात ठेवायचं. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. ते आपलं वर्षाचं वचन. त्यावर लोकांनी लग्नं ठरवलेली आहेत, बदल्या नाकारलेल्या आहेत. मला त्याचाही संशय यायचा. चिठ्ठ्या तर वधस्तंभाखाली बसून शिपायांनीही टाकल्या होत्या, आणि त्यातून देवाची इच्छा काही निघाली नव्हती, नुसता येशूचा अंगरखा निघाला होता.

ती वचनं लिहायचं काम आईकडे होतं. इतवारीतल्या कापडवाल्यांकडून शर्टाच्या खोक्यांचे पुठ्ठे आणून ती ते कापायची, आणि डिसेंबरभर संध्याकाळी टाकानं लिहीत बसायची. पाळकसाहेब यादी देत. मी बायबल उघडून एकेक वचन वाचून दाखवायची आणि ती लिहायची. यादीत सगळी आशेची, धीराची वचनं असत. वर्षाच्या पहिल्याच दिवशी कोणाच्या हातात शाप पडू नये, एवढी काळजी पाळकसाहेब घेत. ताट बाकाबाकावरून फिरून शेवटी आमच्या घराकडे येई. दोन घड्या उरल्या की आधी आई उचले, आणि सगळ्यात शेवटची बाबा घेत. लिहिणाऱ्याच्या घरानं शेवटी घ्यावं, असं बाबांचं म्हणणं.

त्या डिसेंबरात गिरणीत एक अपघात झाला. बाबांच्या हाताखालच्या एका माणसाचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला आणि चार बोटं तुटली. तो खेड्यातल्या शेतकरी घरातला, शहराबाहेर वाडीला ट्रकांच्या गोदामामागे भाड्याची खोली घेऊन राहायचा आणि रोज सायकलनं यायचा. घरी बायको आणि दोन लहान मुली. पट्ट्यावर जी लोखंडी जाळी असते ती त्या दिवशी नव्हती. काम लवकर उरकावं म्हणून गिरणीच्या साहेबानंच ती काढायला लावली होती, आणि तो हुकूम देताना बाबा तिथे उभे होते. गिरणीनं मात्र लिहिलं की माणूस दारू पिऊन कामावर आला होता. जानेवारीत चौकशी ठरली. बाबा खरं बोलले तर त्याला हलकं काम देऊन ठेवून घ्यावं लागणार होतं. नाही बोलले तर तो दारुडा ठरून बाहेर जाणार होता, नुसता डावा हात घेऊन.

तो एकदा आमच्या दारात येऊन गेला. हाताला एवढं मोठं फडकं बांधलेलं. आत ये म्हटलं तर आला नाही. "जॉबरदादा, तुमी तं पाह्यलं ना सारं," तो म्हणाला. "मी त्या दिवशी थेंबही पेलो नव्हतो." बाबा म्हणाले, "पाहू गा." आई आतून पाणी घेऊन आली तोवर तो सायकल हातात धरून चालत निघाला होता.

त्यानंतर आमच्या चर्चचे एक पंच घरी आले. पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे वडीलधारे, आणि हे गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्कही होते. आमच्या घरी त्यांचं येणंजाणं नव्हतं. एका आठवड्यात दोनदा आले म्हटल्यावर मी चहाचे कप घेऊन दाराआडच उभी राहिले. ते हळू बोलत होते. एकच वाक्य नीट ऐकू आलं: "तुम्ही काय करता त्यावर सगळं आहे, विचार करा." साहेबानं पाठवलेला माणूस याहून वेगळं काय बोलणार? मी मनात निकाल देऊन टाकला.

ते गेल्यावर आईनं विचारलं, "मंग का ठरवलं जी तुमी?"

"वर्षाचं वचन येऊ दे," बाबा म्हणाले. "देव काय म्हणते ते पाहू."

आई नाताळच्या करंज्या लाटत होती. मी म्हटलं, "देवानं मोशेला पाट्यांवर लिहून दिलंय की, खोटी साक्ष देऊ नको. आता परत चिठ्ठी कशाला?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेपर तोंडापुढे धरला.

नव्या वर्षाच्या सकाळी ताट वेदीवरून उचलून बाकांकडे आणणारे तेच पंच होते. मी पूर्ण उपासनेत त्यांच्या हातांवरून नजर काढली नाही. गाणं म्हटलं ते पुस्तकात न पाहता. ताट आमच्याकडे आलं, आईनं घेतलं, बाबांनी घेतलं. बाबा उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचलं. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ते वचन होतं: काळ वाईट आहे, म्हणून जो समंजस आहे तो अशा वेळी मुकाट राहतो.

दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. त्या वर्षी ते वचन कोणालाही पटण्यासारखंच होतं. बाबांनी घडी परत घातली आणि बायबलात ठेवली.

मी मात्र पेटले. यादी मी स्वतः वाचून दाखवली होती. तिच्यात आमोस नव्हताच. उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, पंधरा-वीस माणसं एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत असताना, मी त्या पंचांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "ते वचन तुम्ही घातलंत. गिरणीसाठी."

त्यांचा चेहरा उतरला. चिडतील असं वाटलं होतं, पण ते चिडले नाहीत. "बाई, तुझ्या बाबांना जे सांगायचं ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलं," ते म्हणाले. "देवाच्या ताटात हात घालायची माझी छाती नाही." बाबांनी माझा दंड धरून मला खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी बाबा पाळीवर गेल्यावर मी त्यांचं बायबल उघडलं. रीत मोडली. पंचांचं अक्षर मला ठाऊक होतं, चर्चच्या फळ्यावर दर आठवड्याला दिसायचं, आणि ते सापडलं की पाळकसाहेबांपुढे नेऊन ठेवायचं असं मी ठरवलेलं होतं. घडी उघडली. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा. टाकाची निळी शाई. आणि आईचं उजवीकडे कललेलं अक्षर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती गत माझी झाली होती. पंचांच्या हातांकडे पाहता पाहता शेजारी बसलेल्या बाईच्या पदराकडे मी पाहिलंच नव्हतं.

आई भाकरी थापत होती. मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिनं हात थांबवला नाही.

"कधी लिहिलीस?"

"तू कॉलेजात गेली होती तवा."

"आणि ताटातली खरी?"

"माह्याजवळ आहे. दोन्ही. माही उचलतानी तेबी उचलली, अन् हे ठेवून देल्ली." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "त्याचा हात गेला. तुह्या बाबाची नोकरी गेली तं आपन का खाऊ? तुह्या पाठीवर तीन आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर करते का कोनी? देवाशी मी पाहून घेईन. तुह्या बाबाले सांगू नको."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. मला तिचा राग आला आणि लगेच तिची कीवही आली, आणि या दोन्हींचं काय करायचं ते मला कळेना. मी चिठ्ठी परत जागेवर ठेवून आले.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरी वाटून घ्यायची. कोणाशी वाकडं असेल तर आधी जाऊन समेट कर, मग भाकरीला हात लाव, असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं. म्हणून शनिवारी मी पंचांच्या घरी गेले आणि माफी मागितली. कोणी घातलं ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "मी तुझ्या बाबांना खरं बोला म्हणूनच सांगायला आलो होतो. ऑफिसात जाळी काढल्याची नोंद आहे, मी ती पुढे करीन म्हटलं. पण मी कागदावरचा माणूस. डोळ्यांनी पाहिलेले तेच." मी घरापर्यंत चालत आले. बसचा विचारही डोक्यात आला नाही.

सांगू नको असं आईनं म्हटलं होतं. वाचू नको असं म्हटलं नव्हतं. आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेत आळीपाळीनं वाचन असायचं, त्या दिवशी पाळी माझी होती. मी आमोसाचा तो अध्याय काढला आणि अख्खा वाचला. त्या वचनाच्या लगेच वरच्या ओळीत संदेष्टा त्या लोकांवर तुटून पडलेला आहे, जे वेशीत न्याय मागायला आलेल्या गरिबाला हाकलून लावतात. आणि थोडं खाली तोच सांगतो, वाईटाचा द्वेष करा, वेशीत न्याय उभा करा. जुन्या काळी निवाडे गावच्या वेशीत बसून होत. मला वाचताना गिरणीचं फाटक दिसत होतं. मधलीच एक ओळ उचलून पुठ्ठ्यावर लिहिली की संदेष्ट्यालासुद्धा साहेबाचा माणूस करता येतं, हे मी त्या संध्याकाळी शिकले.

वाचन संपलं. आई जमिनीकडे पाहत होती. मी बाबांकडे पाहिलं. आता ते चमकतील, आता विचारतील, अशी मला आशा होती.

"मी वाचला होता," बाबा म्हणाले. "नव्या वर्षाच्या दिवशीच, दुपारी. पुरा अध्याय."

"मग?"

"मंग का. भेव वाटते मले." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अन् चिठ्ठीवरचं अक्षर तुह्या मायचं आहे, पन वचन पाळकसाहेबाच्या यादीतलं नसंन, इतकं मले बी समजते. चांगलं झालं म्हटलं, देवानं नाही तं बायकोनं तरी वाट दाखवली."

आईनं पदर तोंडाला लावला. लहान भावंडांना काही कळलं नाही, ती जेवण कधी म्हणून विचारत होती. बाबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि आम्ही सगळ्यांनी ती त्यांच्यामागे म्हटली, आम्हांला वाइटापासून सोडव इथपर्यंत.

चौकशीत बाबांनी सांगितलं की त्या वेळी आपलं लक्ष दुसऱ्या मागाकडे होतं. पंचांनी नोंद पुढे केली, पण पाहणारा नाही म्हटल्यावर साहेबानं ती नोंद दुसऱ्याच दिवसाची ठरवली. माणूस बाहेर गेला. त्याच महिन्यात पंचांची बदली गोदामाकडे झाली. निकालाच्या दिवशी बाबा पाळी संपवून फाटकाबाहेर आले तेव्हा तो बोटं गेलेला माणूस सायकल घेऊन उभा होता. बाबा म्हणत, मले वाटलं, आता थुंकते तोंडावर. तो म्हणाला, "जाऊ द्या जॉबरदादा. तुमाले पोरंबाळं आहेत. मले समजते." आणि डाव्या हातानं नमस्कार करून गेला. हे बाबांनी आम्हाला जेवायला बसल्यावर सांगितलं, आणि ताट सरकवून उठले.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट आमच्या बाकाशी आलं. बाबांनी ते न घेता पुढे दिलं. आईनंही पुढे दिलं. माझ्यापाशी आलं तेव्हा मी भाकरी घेतली. पंचांची माफी मागून झाली होती, चिठ्ठी मी लिहिली नव्हती, साक्ष माझी नव्हती. वाडीला जाणारी बस चर्चच्या समोरूनच सुटायची. आईनं काय केलं, साहेबानं काय केलं, नोंद कोणाकडे आहे, हे सगळं मला चौकशीच्या आधी ठाऊक होतं, आणि त्या माणसाच्या खोलीवर जाऊन त्यातलं एक अक्षरही मी त्याला सांगितलं नव्हतं. भाकरी तोंडात असताना हे माझ्या लक्षात आलं. ती मला गिळता येईना, आणि सगळ्यांच्या देखत थुंकताही येईना.