अण्णांच्या गाडीचा क्लच

खरं सांगायचं तर त्या शनिवारी मी मारुतीवर रागावूनच घरातून निघालो होतो. खुलताबादच्या देवळातली मूर्तीच आडवी, मारुती झोपलेला, आणि इकडं गारखेड्यात माझे वडील, अण्णा, चार महिन्यांपासून अंथरुणावर. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा डावा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोटांत अजून जीव आहे, वापरला तर हात परत येईल. नाहीतर थोड्या महिन्यांत तो कायमचा गेला समजा. पण अण्णांनी मनच काढून घेतलं होतं. व्यायामाचा रबरी चेंडू दिला, तर तो भिंतीवर फेकून मारला. बोलणंही जवळजवळ बंद केलं.

मी मात्र सेवेत कुठं कमी पडत नव्हतो. घास भरवायचो, शर्टाच्या गुंड्या लावायचो, पाण्याचा पेलासुद्धा मीच त्यांच्या तोंडाशी धरायचो. बायको म्हणायची, "अहो, त्यांचं त्यांना करू द्या की थोडं." मी तिच्यावरच डाफरायचो. माझा स्वभावच तसा, कडक. शेवटी नवस बोललो: अण्णांची जुनी फटफटी मारुतीच्या दारात नेईन, नारळ वाहीन, पण ह्यांचा हात दे.

ती गाडी म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. गुरांच्या दवाखान्यातली त्यांची सगळी नोकरी गंगापूरकडच्या गावागावांत तिच्यावर झाली. घरात दुसऱ्या कुणी तिला पाना लावलेला त्यांना खपत नसे. त्या सकाळी मी बघितलं तर क्लचची मूठ हाताला जरा सैल लागत होती. म्हटलं, देवाच्या दारी जायचंय, काम चोख पाहिजे. वायर अशी ताणून बसवली की मुठीत जराही ढिलाई उरली नाही. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि निघालो.

दौलताबादच्या घाटात गाडीनं मान टाकली. इंजिन नुसतं बोंबलतंय आणि चाक काही ओढेना. जळका वास सुटला. कडेला उभा राहिलो, पिशवीतल्या नारळाकडं बघितलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "लोळत पड बाबा तू. तुला काय!"

तेवढ्यात एक म्हातारबाबा सायकल हातात धरून चढ चढत आले. पांढरी दाढी, खांद्याला पिशवी. "क्या हुआ साब?" म्हणत त्यांनी क्लचच्या मुठीला बोट लावलं आणि हसलेच. "इत्ता कस के कायको रखे? जरा तो ढील होना! तुम समझे पक्का कर दिए, पर अंदर पलेटां पकडतेच नै. जल जाते." वायर इतकी ताणलेली की क्लच कायम अर्धा दाबलेलाच राहत होता, आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नव्हता. त्यांनी पिशवीतून पाना काढला, वायर सैल केली आणि मुठीच्या फटीत एक नाणं सरकवून दाखवलं. "इत्ती जगा छोडना."

गाडी कुणाची, असं त्यांनी विचारलं. का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं, हातासकट. ते म्हणाले, "फिर तुम कायको हात लगाए? ये काम उनका है. उनकू दो." आज चढ नको, थंड झाली की उतारानं घरी न्या, असं बजावून ते सायकल ढकलत वर निघून गेले. मी कठड्यावर बसून राहिलो. घास, गुंड्या, पेला, सगळं एकेक डोळ्यांपुढं यायला लागलं. अरे देवा, मी हे काय करून बसलो होतो!

नारळ तसाच घेऊन परत आलो. गाडी अंगणात लावली, अण्णांना खुर्चीवर बाहेर आणलं आणि म्हणालो, "अण्णा, क्लच बिघडवला मी." म्हातारबाबांनी तो नीट करून दिल्याचं मुद्दामच सांगितलं नाही.

"गाढवा, कुणी सांगितलं होतं हात लावायला?" चार महिन्यांत इतकं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं. शिवी किती गोड लागावी!

पाना त्यांच्या हातात दिला. उजव्या हातानं आटा फिरवायचा तर डाव्यानं मूठ दाबून बघायलाच हवी. त्यांनी उजव्या हातानं डावा उचलून मुठीवर ठेवला. काहीच होईना. कपाळावर घाम आला त्यांच्या. मी पुढं सरसावलो, तर बायकोनं माझी बाही घट्ट धरली. मग बोटं हळूहळू आवळली. मूठ हलली, नाण्याएवढीच.

"अजून अर्धा आटा," अण्णा म्हणाले. आम्ही नवराबायको दोघंही रडत होतो, आणि अण्णा पान्याकडं बघत होते.

त्यानंतर रोज सकाळी गाडी अंगणात यायची. नीट असलेला क्लच अण्णा रोज नव्यानं नीट करायचे.

सहा महिन्यांनी त्यांना मागं बसवून खुलताबादला गेलो. घाटात गाडी जरा पळवली की अण्णांच्या डाव्या हाताचा चिमटा माझ्या खांद्याला बसायचा. वर पोचल्यावर त्या म्हातारबाबांची चौकशी केली. चहावाला म्हणाला, असे लई येतात जातात. मी पुढं शोधलं नाही. ज्यानं पाठवलं त्याच्यापुढंच हात जोडले आणि म्हणालो, रागावलो होतो रे, माफ कर. मागितलं मात्र काहीच नाही.

अण्णांनी दिव्यात घालायला तेलाची वाटी डाव्या हातात घेतली. हात थरथरत होता, निम्मं तेल खाली सांडत होतं. मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.