भुजंगरावांचं सतरावं प्रकरण

भुजंगरावांइतका भित्रा माणूस मी नांदेडात दुसरा पाहिला न्हाई, आणि हे मी ऐकीव सांगून न्हाई राहिलो. त्यांच्या सहाही ऐतिहासिक कादंबऱ्या मी टाइप केल्यात. माझं नाव फारूक. आमचे आजोबा आणि वालिद जिल्दसाज, म्हणजे पुस्तकांची बांधणी करायचे. मी क्लासच्या गल्लीत कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. ही गोष्ट दोन हजार चौदाची. तेव्हा आमच्या गल्लीत पाणपोईपेक्षा कोचिंग क्लास जास्त झाले होते. डॉक्टर व्हायला बिलोली-हदगावपासून पोरं यायची, आणि त्यांच्या नोट्स काढता काढता माझी मशीन हाशहुश करायची. मधूनच भुजंगराव पिशवी घेऊन यायचे.

नाव भुजंग, पण रस्त्यानं ट्रक गेला आणि काऊंटरची काच थरथरली की हा माणूस खुर्चीवरून उठून दारात. चहा हातात असला तर चहासकट. मी पहिल्यांदा हसलो होतो. परत कधी हसलो न्हाई, कारण त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

ते भूमी अभिलेख खात्यात कारकून होते. मोडी यायची, निजामाच्या वेळचं उर्दू दफ्तर वाचता यायचं. सुट्टी आली की कुठं धर्माबाद, कुठं देगलूर, कुणा जुन्या घरात जाऊन बसायचे आणि कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडायचे. त्यांचा नेम होता: तीन जागी नोंद सापडल्याशिवाय एक ओळ लिहायची न्हाई. एका किल्लेदारानं अंबाडीची भाजी खाल्ली हे लिहायला त्यांना आठ महिने लागले. मी म्हणलं, “भुजंगराव, खाऊ द्या की गरिबाला, उपाशी मरून राहिला तो.” तर म्हणाले, “दोन नोंदी मिळाल्यात फारूकभाई. तिसरी मिळू द्या.” कागदावर पेन्सिलीनं लिहायचे, डावीकडं चार बोटं समास सोडायचे, आणि त्या समासात कुठली गोष्ट कुणाच्या घरात, कितव्या रुमालात सापडली ते बारीक अक्षरात टाकायचे. टाइप झालं की पडताळा. ते मूळ कागद मोठ्यानं वाचणार, मी पडद्यावर बघत जाणार. त्याच्यानंतर शेवटचं प्रूफ त्यांची भाची ज्ञानेश्वरी वाचणार. सहा पुस्तकं ह्याच रीतीनं झाली.

ज्ञानेश्वरी आमच्याच गल्लीतल्या एका क्लासात जीवशास्त्र शिकवायची. तिचा नवरा हदगावला बँकेत, शनिवारी यायचा. बाकी दिवस ती आणि मामा. नऊ वर्षांची असताना किल्लारीच्या भूकंपात तिचे आई-बाप दोघंही गेले. मामानं तिला उचललं, लातूरहून नांदेडला बदली करून घेतली, आणि सगळी हयात पत्र्याच्या खोल्यांत काढली. नांदेडचा उन्हाळा, डोक्यावर पत्रा. लोक म्हणायचे, कारकुनाला स्लॅब टाकायला काय झालं. त्यांना डोक्यावर जड काही नको होतं.

एक गोष्ट मला तिसऱ्या कादंबरीत खटकली. त्यांच्या पुस्तकात कुणीच घरात झोपत न्हाई. सरदार अंगणात, बेगम गच्चीवर, देशमुख शेतातल्या मांडवात. भर श्रावणात किल्लेदार उघड्यावर आडवा झालेला बघून माझं डोकं फिरलं. म्हणलं, “ह्याला न्युमोनिया होईल, आत घ्या की जरा.” त्यांनी पान उलटलं. मग मला असंबी दिसलं की त्यांच्या पुस्तकात कुणी कुणाला सल्ला देत न्हाई. राजा विचारतो, प्रधान मान खाली घालतो. एवढी सहा पुस्तकं, आणि एक शहाणा माणूस तोंड उघडत न्हाई. मला वाटलं, लेखकाची लकब असंल.

सातव्या कादंबरीचं सतरावं प्रकरण आणलं त्या दिवशी त्यांनी आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. दुपारची बाराची वेळ होती. अकरा पानं काऊंटरवर ठेवली आणि त्यावर हात दाबून धरला.

“हे मी मोठ्यानं वाचणार न्हाई,” म्हणाले. “तुम्हीच टाइप करा, तुम्हीच तपासा. एकच प्रत काढा आणि माझ्या हातात द्या. ज्ञानूच्या प्रुफात हे घालायचं न्हाई.”

“तिला दिसंल की, सोळानंतर एकदम अठरा.”

“अजून लिहून व्हायचंय म्हणून सांगतो.”

मी कागद ओढले आणि वाचायला लागलो. गोष्ट अशी होती. निजामाच्या राज्यातलं एक गाव, वर मोठा तलाव. तलावाचा बांध महिनोन्‌महिने आतून कुरकुरतोय, माणसं भिऊन माळावर झोपतायत. गावातल्या एका बाईचा भाऊ दफ्तरदार, म्हणजे सरकारी कागद सांभाळणारा. ती त्याला विचारती, दादा, काय करू? तो म्हणतो, चारशे वर्षांचे कागद बघितलेत मी, ह्या मुलखात बांध फुटल्याची एकबी नोंद न्हाई, खुशाल घरात झोप. बाई झोपलेल्या पोरीला घेऊन घरात झोपती. बांध फुटतो.

समासात रुमालाचा नंबर नव्हता. आधीच्या सोळा प्रकरणांत असं कधी झालं नव्हतं... सोळा कशाला, सहा पुस्तकांत झालं नव्हतं. मी मान वर केली, तर भुजंगराव भिंतीला पाठ लावून उभे.

“तलाव न्हाई,” मी म्हणलं. “भूकंप हाय हा.”

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ब्याण्णव सालीच त्या बाजूला जमिनीतून गडगड आवाज यायचा, हादरे बसायचे. माणसं घराबाहेर झोपायला लागली. बहिणीचं घर औशाच्या पुढं, दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. तिनं ह्यांना विचारलं. भाऊ शिकलेला, कागद वाचणारा, त्याच्याशिवाय कुणाला विचारणार? आणि हे अख्ख्या ओसरीसमोर ऐटीत म्हणाले, भूकंपाची नोंद न्हाई, भिऊ नका. त्र्याण्णवच्या तीस सप्टेंबरला, गणपती बुडवून दमलेली माणसं झोपली होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला माळवद खाली आलं. ज्ञानेश्वरी एका उलटलेल्या खाटेखाली जिवंत सापडली.

“तिला ठाऊक न्हाई,” ते म्हणाले. “लिहिलं न्हाई तर मरताना माझ्या नरड्यात अडकंल, फारूकभाई. आणि तिनं वाचलं तर पोर माझ्या घरातून जाईल. मला तिच्याशिवाय कोण हाय? छापून होईस्तोवर मी हिंमत गोळा करतो, मग सांगतो.”

“एकवीस वर्षांत गोळा झाली न्हाई, ती दोन महिन्यांत होती व्हय?” मी बोललो खरा. दुसऱ्याचं एवढं मोठं भ्या हातात आलं की आपलेबी हात कापतात.

चार दिवस बसून मी ते प्रकरण टाइप केलं. पाचव्या दिवशी दुपारी प्रिंट सोडली. सात पानं आली आणि लाईट गेली. नांदेडची लाईट, सांगून थोडीच जाती. मी ती सात पानं खणात ठेवली, कुलूप घातलं, नमाजला गेलो. परत आलो तर लाईट आलेली, आणि क्लासचा शिपाई दारात उभा. “चाचा, पचनसंस्थेच्या नोट्स, साठ संच, लगेच पाहिजेत, मॅडम थांबल्यात.” मी घाईघाईत नोट्सची प्रिंट काढली, ट्रेमधला गठ्ठा उचलला, झेरॉक्सवर लावला, पिना मारल्या, पोतं बांधून दिलं.

तीनला भुजंगराव आले. मी खण उघडला. सात पानं. त्यांनी मोजली, परत मोजली.

“बाकीची चार?”

माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि हे मी त्या माणसासमोर बोलूबी शकत नव्हतो. लाईट आल्याबरोबर मशीननं राहिलेली चार पानं आपोआप ट्रेमधी सोडली होती, आणि नोट्सचे कागद त्यांच्यावरच येऊन पडले होते, ते मी एकाच गठ्ठ्यात उचलले होते. चारशे वर्षांची नोंद, बहिणीचा प्रश्न, भावाचं उत्तर, बांध फुटणं, सगळं त्या चार पानांत. साठ प्रती. आणि नोट्स कुणाच्या? ज्ञानेश्वरीच्याच.

मी शिपायाला फोन लावला. म्हणाला, दीडलाच वाटल्या, मॅडम शिकवून राहिल्यात. भुजंगराव खाली बसले. खुर्चीवर न्हाई, खाली, कागदाच्या रिमांच्या मधी. पाणी दिलं, ते त्यांनी तसंच खाली ठेवलं. मी त्यांना धीर द्यायला पाहिजे होतं, पण माझीच पाचावर धारण बसली होती. तीस वर्षांच्या धंद्यात मी लग्नपत्रिकेत नवरीच्या जागी सासूचं नाव छापलंय आणि निभावून नेलंय. इथं काय निभावणार होतो? म्हणलं, “पोरं नोट्स वाचत न्हाईत हो. शेवटची चार पानं तर कुणीच वाचत न्हाई.” ते उठून दाराकडं गेले.

“जाऊ का मी हितून?” मधीच म्हणाले. “धर्माबादला एक जण ओळखीचे हायत. आठ दिवस राहतो.”

“आणि नवव्या दिवशी?”

ते परत बसले. बाहेर कुणाच्या चपलेचा आवाज आला की त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर यायचा आणि घट्ट धरायचा. साडेपाच झाले. क्लास सुटला, पोरांचा लोंढा गल्लीत आला, आणि त्यातून ज्ञानेश्वरी. खांद्याला पर्स, हातात पिन काढलेली चार पानं.

ती आत आली. मामाला खाली बसलेलं बघितलं, पण उठवलं न्हाई. पर्स काऊंटरवर ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “चाचा, एका पोरीनं वर्गात विचारलं, मॅडम, हा बांध फुटला तो परीक्षेला हाय का? मी तिला न्हाई म्हणून सांगितलं.”

मी म्हणलं, “बेटा, चूक माझी हाय. शिव्या मला दे.”

“तुम्हाला कशाला,” ती म्हणाली, आणि मामासमोर रिमावर बसली. “मामा, ही पोरगी तुम्ही झोपलेली लिहिलीय. मी झोपले नव्हते.”

भुजंगराव रिमाला धरून तिच्याकडं वळले.

“मिरवणुकीत भिजले होते मी. बाबांनी बाहेर बाज टाकली होती. आई म्हणाली, ताप भरंल, आत चल. मी म्हणलं, आत मला भ्या वाटतंय. तर तिनं मला कुशीत घेतलं आणि म्हणाली, मामानं चारशे वर्षांचे कागद बघितलेत, काही होत न्हाई. मला झोप लागंपर्यंत म्हणत होती.”

भुजंगरावांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. “तुला ठाऊक होतं,” ते हातांच्या आडून म्हणाले. “एकवीस वर्षं तुला ठाऊक होतं, आणि माझ्या हातचं जेवलीस?”

“राग यायचा,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू. अजूनबी येतो कधी कधी. तुम्ही पत्र्याखाली घामानं निथळत तीन-तीन नोंदी शोधायला लागलात की जास्तच येतो. वाटतं, त्या दिवशी एक शोधली असती.”

“मग बोलली का न्हाईस? शिव्या द्यायच्या होत्यास, मारायचं होतंस.”

तीस वर्षांची बाई, शंभर पोरांना दम देणारी, पण खालच्या ओठाला दात लावून बसली.

“नऊ वर्षांची होते मामा. बोलले असते तर तुम्हाला माझं तोंड बघवलं नसतं. मला कुठं तरी आश्रमात ठेवून दिलं असतं. मला दुसरं कोण होतं? मग मोठी झाले, तर ते भ्या तसंच राहिलं. तुमचं प्रत्येक पुस्तक शेवटी मी वाचायचे ना, ते चुका काढायला न्हाई. त्यात कुठं हे आलंय का, ते बघायला. आलं तर तुम्ही मला घालवून द्याल, असं वाटायचं.”

भुजंगरावांनी हात काढले. तोंड ओलं झालं होतं. हळूच तिच्या पायातल्या चपलेला हात लावायला वाकले, तर तिनं तो हात मधीच धरला. मी शटरकडं तोंड करून उभा राहिलो, कारण माझंबी तोंड दाखवण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं चार पानं माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, “चाचा, तलाव काढा, भूकंप घाला. आईचं नाव घाला. पोरगी जागी ठेवा.” मग भुजंगरावांकडं वळून म्हणाली, “समासात नोंद लिहा मामा. भाचीनं सांगितलं, असं लिहा.”

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. पहिल्याच अक्षराला एवढा जोर दिला की कागद फाटला, म्हणून दुसऱ्या पानाचा समास तिनं बोटांनी धरून ठेवला, आणि त्यांनी लिहिलं.