पाइपातली गोगलगाय

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. पाइपाच्या खोलगट भागात पाणी साठतं तसे ते साठतात, आणि मागून हवेचा दाब वाढला की एकदम बाहेर फेकले जातात. माझे हे कोथरूडमधल्या एका बंगल्याच्या गॅरेजातले. तिथे आम्ही तिघं एका तेल कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. तेल आणि वायू एकाच पाइपातून निघाले तर वाटेत काय गोंधळ घालतील, ते त्यानं आधीच सांगायचं.

*

तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटरवाला व्हायचं होतं. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेलं, वडिलांनी माझ्याशी बोलणं सोडलेलं. बंगल्याचे मालक सर, निवृत्त प्राध्यापक. म्हणजे ज्या जमातीवर माझा राग, त्यातलेच. काम मागायला गेलो तेव्हा कॉलेज का सोडलं, असं त्यांनी विचारलं.

"मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे."

"मीही तसाच शिकवायचो," सर म्हणाले. "उद्यापासून ये."

रुजू झाल्यावर कळलं, कंपनीला या कामावर फक्त इंजिनिअर हवे होते. त्यांचा माणूस येऊन विचारेल त्या दिवशी आपण बाहेर, हे मी धरूनच चाललो.

*

एकदा मी चढ-उताराचं अधिक-उणे चिन्ह उलटं टाकलं. स्क्रीनवर तेल पंपाशिवाय टेकडी चढायला लागलं आणि मी खुशीत प्रिंट काढली. सरांनी ती बराच वेळ पाहिली.

"हे पर्वतीला निघालंय. कुणाचा नवस आहे?"

मग सगळं गणित हातानं करायला लावलं. मनातल्या मनात शिव्या घातल्या त्यांना. पण आज चुकीचं उत्तर मला नुसत्या वासानं कळतं, ते त्या शिक्षेमुळे. गुरुबिरू म्हणणं मला जमत नाही, उपकार म्हणा.

*

आमच्यातले तिसरे म्हणजे काका, कारखान्यातून निवृत्त. त्यांचं प्रत्येक वाक्य 'आमच्या वेळी'पासून सुरू. पाइप भरून तेलाचा गोळा येतो, मागे वायू, परत गोळा, त्याला इंग्रजीत 'स्लग' म्हणतात. काकांनी डिक्शनरी उघडली. बिनशंखाची गोगलगाय! म्हणजे हा प्रवाह संथ असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मी समजावून थकलो.

सकाळी पाणी यायच्या वेळी सर आम्हाला बागेतल्या नळापाशी घेऊन गेले. नळ आधी फुसफुसला, खोकला, आणि मग असा काही धडाडला की काका कमरेपर्यंत भिजले.

काकांनी शांतपणे चष्मा पुसला. "आमच्या वेळी गोगलगाई सावकाश चालायच्या."

*

शेवटी कंपनीचे साहेब आले. प्रोग्रॅमची उत्तरं त्यांनी आपल्या चालू पाइपलाइनच्या आकड्यांशी ताडून पाहिली. जुळली. खूश होऊन त्यांनी विचारलं, तेलाच्या गोळ्यांचा भाग कुणी लिहिला?

सरांनी 'मी' म्हटलं असतं तर विषय मिटला असता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"अरे वा. यांचं शिक्षण?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"चालू आहे," सर म्हणाले.

"कुठे?"

"इथेच. माझंही."